करारनाम्याची प्रत मागितली तेव्हा: वसुली कंपनीबरोबरच्या पत्रव्यवहाराचं एक प्रकरण

हे प्रकरण इंग्लंडमधल्या एका मराठी कुटुंबाचं आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, पत्रांचा क्रम आणि त्यातला मजकूर जसा होता तसा ठेवला आहे. मी वकील नाही. कर्जाच्या पत्रांनी घाबरलेल्या आपल्या लोकांबरोबर बसून ती पत्रं वाचायचं, उत्तरं लिहायला मदत करायचं काम मी स्वेच्छेनं करते. खाली जे नियम येतात ते इंग्लंड आणि वेल्सचे आहेत. स्कॉटलंडमध्ये जुन्या कर्जाच्या मुदतीचा कायदा वेगळा आहे, तेव्हा तिथल्या वाचकांनी हे तारीखवार हिशेब आपल्याला लावू नयेत.

पार्श्वभूमी

अनघानं ऑगस्ट २०१४ मध्ये एका बँकेचं क्रेडिट कार्ड ऑनलाइन अर्ज करून घेतलं. हळूहळू त्याची मर्यादा २,५०० पौंडांवर गेली. चार वर्षं एकही हप्ता चुकला नाही. मग २०१८ च्या ऑक्टोबरात तिच्या नवऱ्याचं, प्रशांतचं, कंत्राट संपलं आणि पुढचं काम मिळायला वर्ष गेलं. घरभाडं भरायचं की कार्ड, असं दर महिन्याला ठरवावं लागायचं, आणि लहान मूल असलेल्या घरात भाडंच आधी जातं. कार्डाचा शेवटचा नेहमीचा हप्ता सप्टेंबर २०१८ चा. जानेवारी २०१९ मध्ये बँकेची डीफॉल्ट नोटीस, म्हणजे थकबाकी ठरावीक मुदतीत भरा अशी सूचना आली, तिची मुदत फेब्रुवारीत संपली आणि मार्चमध्ये खातं बंद होऊन क्रेडिट फाइलवर, म्हणजे तिच्या उधारी-परतफेडीच्या इतिहासात, डीफॉल्ट नोंदलं गेलं.

पुढे बँकेनं हे खातं कर्जं विकत घेणाऱ्या एका कंपनीला विकलं. त्याची पत्रं जुन्या फ्लॅटवर जात राहिली असावीत, कारण हे कुटुंब २०२१ मध्ये आताच्या घरी राहायला आलं आणि फेब्रुवारी २०२४ पर्यंत त्यांच्या हाती एकही पत्र पडलं नाही. फेब्रुवारीत आलेल्या पत्रात मात्र दोन रकमा होत्या: कार्डाचे ३,१८४ पौंड, आणि एका जुन्या मोबाइल जोडणीचे २१४ पौंड. दोन्हींसाठी कंपनी तीच, संदर्भ क्रमांक वेगळे.

अडचण

अनघाला कर्ज नाकारायचं नव्हतं. कार्ड तिचं होतं, खर्च घराचाच होता. तिचा प्रश्न आकड्याचा होता. मर्यादा अडीच हजारांची, मग हे ३,१८४ कुठून आले? त्यातलं व्याज किती, दंड किती? आणि कधी नाव न ऐकलेल्या या कंपनीला पैसे द्यायचे ते कोणत्या कागदाच्या आधारावर?

तोवर फोन सुरू झाले होते. फोनवरची माणसं सभ्य होती, पण प्रत्येक फोनचा शेवट ठरलेला: आत्ता थोडेसे भरा, पाच पौंड चालतील, आम्ही खातं थांबवून ठेवतो. प्रशांतचं मत पडलं, "पाच पौंडांनी काय होतंय? देऊन टाक, फोन तरी थांबतील."

मला या प्रकरणातला पहिला खरा निर्णय इथे दिसतो. १९८० च्या लिमिटेशन ॲक्टनुसार अशा कर्जासाठी कोर्टात जायला सहा वर्षांची मुदत असते. ती मुदत संपायच्या आत कर्जदारानं एक पौंड जरी भरला, किंवा सही करून कर्ज मान्य असल्याचं लिहून दिलं, तर सहा वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजली जातात. फोनवरचा माणूस हे सांगत नाही. पाच पौंड देणं चूक असतं असं नाही. कर्ज मान्य आहे, आकडा मान्य आहे, हप्त्यानं फेडायचं आहे, असं ठरलं असेल तर जरूर द्यावेत. पण कशाचे पैसे मागताहेत हे कळायच्या आधी, केवळ फोनचा ससेमिरा चुकवायला दिलेले पाच पौंड फार महाग पडू शकतात. अनघानं ते दिले नाहीत. तिनं कंपनीला लिहून कळवलं की यापुढे संपर्क फक्त पत्रानं करा. फोन थांबले.

समोरचे पर्याय

पर्याय चार होते. हप्ते बांधून घ्यायचे. काहीच करायचं नाही, उत्तरही द्यायचं नाही. "हे कर्ज माझं आहे हे दाखवा" असं साधं पत्र पाठवायचं. किंवा १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टखाली रीतसर कराराची प्रत मागायची.

दुसऱ्या पर्यायाच्या बाजूनं त्यांच्या ओळखीतले एक गृहस्थ फार आग्रही होते. शेवटचा हप्ता सप्टेंबर २०१८, म्हणजे सप्टेंबर २०२४ ला सहा वर्षं होतात, तोवर गप्प बसा, असा त्यांचा हिशेब. अनघाला तो पटत नव्हता, पण का पटत नाही हे सांगता येत नव्हतं. मी तिला एवढंच म्हटलं की मुदत कधी सुरू झाली हे ठरवायलाही कागदच लागतात, आणि ते आपल्याकडे नाहीत.

चौथा पर्याय निवडण्यामागे कायद्यातली एक ताकद होती. क्रेडिट कार्डासारख्या खात्यासाठी या कायद्याचं कलम ७८ लागतं, ठरावीक रकमेच्या कर्जाला कलम ७७. कर्जदारानं लेखी मागणी केली आणि एक पौंड शुल्क भरलं, की सावकारानं कामकाजाच्या १२ दिवसांत कराराची प्रत आणि खात्याची स्थिती दाखवणारं निवेदन द्यायचं असतं. ते न दिल्यास, देईपर्यंतच्या काळात त्याला तो करार कोर्टाकडून वसूल करून घेता येत नाही. कर्ज पुसलं जात नाही, क्रेडिट फाइलवरची नोंद तशीच राहते, कंपनी पैसे मागणारी पत्रंही पाठवू शकते. पण न्यायाधीशासमोर उभं राहून निकाल मिळवता येत नाही. कर्ज विकत घेतलेल्या कंपनीलाही हे लागू होतं. कर्ज विकत घेणारा तोच आता सावकार, हे २०१२ मध्ये हायकोर्टानं एका निकालात स्पष्ट केलं आहे. म्हणून पत्र वाचताना आधी हे पाहिलं की ही कंपनी कर्जाची मालक आहे की बँकेच्या वतीनं नुसती वसुली करते आहे. पत्राच्या तिसऱ्या परिच्छेदात मालकीचा स्पष्ट उल्लेख होता.

अनघानं माझ्याकडे यायच्या आधीच दोन्ही खात्यांसाठी एकाच नमुन्याची दोन पत्रं लिहून ठेवली होती, आणि मोबाइलचं पत्र पोस्टातही टाकलं होतं. मोबाइल सेवेच्या बिलाला हा कायदा लागत नाही, कारण ते उधारीच्या करारात मोडत नाही; वीज, पाणी, कौन्सिल टॅक्सचंही तसंच. काही आठवड्यांनी कंपनीनं तिचा पौंड परत पाठवून तेच कळवलं. ते योग्यच होतं. मग मोबाइल कंपनीकडून शेवटचं बिल मागवलं, ते बरोबर निघालं, तिनं २१४ पौंड एकरकमी भरले आणि विषय मिटवला. भरताना एक काळजी घेतली: पैशांबरोबर मोबाइलच्या खात्याचाच संदर्भ क्रमांक दिला आणि ही रक्कम दुसऱ्या कोणत्याही खात्यात जमा करू नये असं लिहिलं. एकाच कंपनीकडे दोन खाती असली की पैसे चुकून दुसऱ्या खात्यात जातात, आणि तसं झालं असतं तर कार्डाच्या मुदतीवरून उगाच वाद उभा राहिला असता.

मागणीचं पत्र

कार्डाचं पत्र एप्रिल २०२४ मध्ये गेलं. ते जेमतेम अर्ध्या पानाचं होतं. वर संदर्भ क्रमांक, खाली मोठ्या अक्षरांत छापील नाव. मजकुराची पहिलीच ओळ अशी होती की या पत्रातून कोणतंही कर्ज मान्य केलेलं नाही. मग कलम ७८ चा उल्लेख, कराराची प्रत, करारात नमूद केलेली इतर कागदपत्रं आणि खात्याचं निवेदन यांची मागणी. सोबत एक पौंडाची पोस्टल ऑर्डर, तिच्या मागे "फक्त कायदेशीर शुल्क, खात्यात जमा करू नये" असं लिहून. पत्र साइन्ड फॉर टपालानं (जे पोचवताना सही घेतात) पाठवलं आणि पोचल्याची नोंद छापून फाइलला लावली.

या अर्ध्या पानात अनघाला खूप काही घालायचं होतं. नोकरी गेली होती, मूल लहान होतं, आम्ही बुडवणारे लोक नाही, वगैरे. मला तिचं मन कळत होतं. आपल्याकडे देणं राहणं ही अब्रूची गोष्ट असते आणि आपली बाजू सांगितल्याशिवाय माणसाला राहवत नाही. पण "त्या वेळी आम्हाला भरता आले नाहीत, पण आम्ही नक्की भरू" हे वाक्य आणि त्याखाली सही, म्हणजे कर्जाची लेखी कबुलीच झाली असती. ते सगळं तिनं मला सांगितलं, पत्रात लिहिलं नाही.

मुदत उलटल्यावर

बारा दिवसांत शनिवार, रविवार आणि बँक हॉलिडे धरत नाहीत. मुदत मे महिन्याच्या सुरुवातीला संपली. त्याआधी कंपनीचं एक पत्र आलं: मागणी मिळाली, बँकेकडून कागद मागवले आहेत, खातं तात्पुरतं थांबवलं आहे. मुदत उलटल्यावर मात्र "तातडीनं संपर्क साधा, पुढील कारवाई टाळा" अशी छापील पत्रं पुन्हा सुरू झाली.

कर्ज देणाऱ्या आणि वसूल करणाऱ्या कंपन्यांची नियामक संस्था असलेल्या फायनान्शियल कंडक्ट ऑथॉरिटीच्या नियमपुस्तकात यावर सरळ मार्गदर्शन आहे. करार सध्या कोर्टातून वसूल करता येत नाही हे कंपनीला माहीत असेल, तर पैसे मागताना तिनं ग्राहकाला तसं सांगायला हवं, आणि कोर्टाची खोटी भीती घालायची नाही. ही पत्रं त्या मार्गदर्शनात बसत नव्हती. अनघानं ती तारखेप्रमाणे लावून ठेवली. तेव्हाच तक्रार करावी का, यावर आमचं बरंच बोलणं झालं. तिचं म्हणणं, आत्ता चिडवायला नको, कागद येऊ देत. तिनं थांबायचं ठरवलं.

या टप्प्यावर पुष्कळ लोक समजतात की बारा दिवस गेले म्हणजे आपण सुटलो. ऑनलाइन फिरणारे पत्रांचे नमुनेही तसंच सुचवतात. खरं म्हणजे कंपनी तीन महिन्यांनी, वर्षानं, कधीही प्रत देऊ शकते, आणि बरोबर प्रत दिली त्या दिवशी तिचा अडसर निघतो. या गैरसमजाला थोडा इतिहास आहे. ६ एप्रिल २००७ च्या आधी झालेल्या करारांत, ठरावीक अटी असलेला सहीचा कागद नसेल तर कोर्टाला वसुलीचा हुकूम देताच येत नसे. त्या काळातले सल्ले अजून फिरताहेत. अनघाचा करार २०१४ चा, त्याला ते लागू नव्हतं.

पत्ता चुकलेली प्रत

जुलैमध्ये जाड पाकीट आलं. आत "कराराची प्रत" म्हणून सहा पानं होती. सही कुठेच नव्हती, आणि अनघाला आधी तेच खटकलं. पण प्रतीत सही असावी लागत नाही. २००९ मध्ये हायकोर्टानं एका बँकेच्या प्रकरणात ठरवलं की सावकारानं मूळ कागदाची छायाप्रतच दिली पाहिजे असं नाही. आपल्या नोंदींवरून करार पुन्हा जुळवून दिला तरी चालतो. त्यातून ऑनलाइन अर्जावर तिनं कागदावर सही केलीच नव्हती, स्क्रीनवर टिक केली होती, आणि तीही चालते.

पण त्याच निकालात असंही आहे की जुळवलेल्या प्रतीत करार झाला त्या वेळचं कर्जदाराचं नाव आणि त्या वेळचा पत्ता हवा, आणि अटीही त्या वेळच्या हव्यात. पुढे अटी बदलल्या असतील तर बदललेल्या अटी सोबत जोडायच्या.

आम्ही पहिलं पान टेबलावर ठेवून ओळीनं वाचायला लागलो. ऑगस्ट २०१४. अनघाचं पूर्ण नाव, बरोबर. त्याखाली पत्ता: आताच्या घराचा. ज्या घरात हे लोक २०२१ मध्ये आले, तो पत्ता २०१४ च्या करारावर. अनघानं बोट ठेवलं आणि दोनदा वाचलं. मग शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टायपात अटींच्या आवृत्तीची तारीख सापडली, २०१७ ची. म्हणजे कोणीतरी आजच्या संगणकातला पत्ता आणि हाताला लागलेली अटींची आवृत्ती एकत्र करून त्यावर २०१४ घातलं होतं. यात लबाडी होती असं मी म्हणणार नाही. हजारो खाती एकगठ्ठा विकली-घेतली जातात, त्यात कागद मागे राहतात आणि मागणी आली की कोणी कर्मचारी साच्यातून प्रत काढतो. पण या प्रतीनं कलम ७८ चं समाधान होत नव्हतं.

दुसरा निर्णय इथला. चूक दाखवून द्यायची, की गप्प राहून ती चूक कोर्टासाठी राखून ठेवायची? राखून ठेवण्यात डावपेच आहे, आणि काही लोक तोच सल्ला देतील. अनघाला ते नको होतं. तिला कोर्टाचं दार बघायचंच नव्हतं, आणि खरा आकडा कळल्याशिवाय तिला झोप लागत नव्हती. तिनं दोन्ही चुका नेमक्या दाखवणारं पत्र लिहिलं. त्याच दिवशी मूळ बँकेला आणखी एक पत्र गेलं: डेटा संरक्षण कायद्याखाली आपल्याबद्दलची सगळी माहिती, म्हणजे खात्याचा सुरुवातीपासूनचा उतारा, नोटिसा, फोनच्या नोंदी. या मागणीला शुल्क नसतं आणि उत्तर साधारण एका महिन्यात द्यायचं असतं.

उताऱ्यानं काय सांगितलं

ऑगस्टमध्ये बँकेचा उतारा आला, आणि प्रकरणाला खरं वळण मिळालं ते त्यामुळे.

पहिली गोष्ट, आकडा उलगडला. शेवटच्या हप्त्यानंतरची शिल्लक २,६४० पौंड. त्यावर सहा महिने दरमहा १२ पौंड उशिराचा दंड आणि १२ पौंड मर्यादा ओलांडल्याचा, म्हणजे १४४ पौंड. बाकीचे ४०० व्याज. बेरीज ३,१८४.

दुसरी गोष्ट, नोव्हेंबर २०१९ ची एक ओळ: जमा, ३५० पौंड. अनघा आणि प्रशांत दोघंही ती साफ विसरले होते. प्रशांतला काम लागलं तेव्हा त्यांनी जुनी गाडी विकली होती, आणि त्यातले पैसे अनघानं स्वतःच्या खात्यातून बँकेला पाठवले होते. बँकेच्या उताऱ्यात ते जमा होते, पण खातं विकताना कंपनीला दिलेल्या आकड्यात वजा झाले नव्हते. थकबाकी ३,१८४ नव्हतीच, २,८३४ होती.

पण ती ओळ दोन्ही बाजूंनी बोलत होती. नोव्हेंबर २०१९ मध्ये भरणा झाला, म्हणजे सहा वर्षं तिथून मोजायची, नोव्हेंबर २०२५ पर्यंत. त्या गृहस्थांचा सप्टेंबर २०२४ चा हिशेब तसाही चुकलेला होता, कारण ज्या करारात आधी डीफॉल्ट नोटीस द्यावी लागते तिथे मुदत शेवटच्या हप्त्यापासून धरत नाहीत, नोटिशीची मुदत संपल्यापासून धरतात. अपील कोर्टानं २०१९ मध्ये तसा निकाल दिला आहे. म्हणजे हा भरणा नसता तरी फेब्रुवारी २०२५ उजाडायला हवा होता. क्रेडिट फाइलचं मात्र वेगळं असतं: तिथली नोंद डीफॉल्टच्या तारखेपासून सहा वर्षांनी, मार्च २०२५ मध्ये, आपोआप जाणार होती. मधल्या भरण्यानं त्यात फरक पडत नाही. या दोन सहा-वर्षांची गल्लत सर्रास होते.

अनघानं आता रीतसर तक्रार केली: चुकीची प्रत, वजा न केलेले ३५० पौंड, आणि मुदत उलटल्यावर आलेली धमकीवजा पत्रं.

दावापूर्व पत्र

तक्रारीचं उत्तर यायच्या आधीच, सप्टेंबरमध्ये, सॉलिसिटर फर्मचं पत्र आलं. दाव्यापूर्वीचं पत्र, सोबत उत्तराचा छापील फॉर्म आणि ३० दिवसांची मुदत. ते गृहस्थ म्हणाले, "सहा वर्षं झाली, फाडून टाका." तो सल्ला ऐकला असता तर काय झालं असतं हे स्पष्ट सांगायला हवं. उत्तर न आल्यानं दावा दाखल झाला असता. त्यालाही उत्तर दिलं नसतं तर एकतर्फी निकाल लागला असता. अशा वेळी कराराची प्रत बरोबर होती का, ३५० पौंड वजा झाले का, हे कोर्ट स्वतःहून विचारत नाही. ते कर्जदारानं मांडायचं असतं. आणि काउंटी कोर्टाचा निकाल, ज्याला सगळे सीसीजे म्हणतात, पूर्ण रक्कम महिन्याभरात भरली नाही तर सहा वर्षं नोंदवहीत राहतो. मार्चमध्ये साफ होऊ घातलेली फाइल पुन्हा सहा वर्षं डागाळली असती.

कलम ७८ ची पूर्तता झाली नाही तरी दावा दाखल करता येतो, हेही लक्षात घ्यायला हवं. कोर्टांनी दावा दाखल करणं ही वसुलीकडे जाणारी पायरी मानली आहे, प्रत्यक्ष वसुली नाही. निकाल अडतो, पण दावा अडत नाही.

कर्जाच्या दाव्यांसाठी १ ऑक्टोबर २०१७ पासून लागू असलेल्या दावापूर्व नियमांनुसार फॉर्ममध्ये कागदपत्रं मागायची सोय असते, आणि मागितली तर ती दिल्यानंतर ३० दिवस जाईपर्यंत दावा दाखल करता येत नाही. अनघानं रकमेबद्दल वाद असल्याची खूण केली आणि एक पुरवणी जोडली: २०१४ च्या पत्त्यासह बरोबर प्रत, २०१४ च्या अटी आणि नंतरच्या बदललेल्या अटी, डीफॉल्ट नोटिशीची प्रत, कर्ज विकल्याची नोटीस, आणि नोव्हेंबर २०१९ चा भरणा कुठे गेला याचा खुलासा. त्याबरोबर बँकेच्या उताऱ्याचं ते एक पान, ३५० पौंडांच्या ओळीवर पिवळी रेघ मारून.

निष्पत्ती

ऑक्टोबरमध्ये कंपनीनं तक्रारीचं अंतिम उत्तर दिलं. जुलैची प्रत अपुरी होती हे मान्य केलं, बरोबर प्रत देईपर्यंत करार कोर्टातून वसूल करता येणार नाही असं पहिल्यांदा कागदावर लिहिलं, आणि थकबाकी २,८३४ पौंडांवर आणली. हे उत्तर पटलं नसतं तर सहा महिन्यांच्या आत फायनान्शियल ऑम्बड्समनकडे, म्हणजे अशा तक्रारींचा निवाडा करणाऱ्या संस्थेकडे, जाता आलं असतं. अनघाला ते पुरेसं वाटलं.

नोव्हेंबरमध्ये बरोबर प्रत आली. पत्ता २०१४ च्या फ्लॅटचा, अटी त्या सालच्या, बदललेल्या अटी वेगळ्या जोडलेल्या. कागदांचा अडसर संपला होता आणि मुदत संपायला एक वर्ष बाकी होतं. दावा वेळेत दाखल झाला की मुदतीचा मुद्दाच उरत नाही, आणि समोर सॉलिसिटर तयार होता. शिवाय या जोडप्याला येत्या वर्षात घरासाठी कर्ज काढायचं होतं.

तडजोडीचा प्रस्ताव अनघानं स्वतः लिहिला, वर "विदाउट प्रेज्युडिस" (म्हणजे तडजोड फिसकटली तर हे पत्र कोर्टात आपल्याविरुद्ध वापरता येत नाही) असं घालून: १,५०० पौंड एकरकमी, संपूर्ण आणि अंतिम. कंपनीनं २,२०० मागितले. जानेवारी २०२५ मध्ये १,७०० वर ठरलं. पैसे पाठवायच्या आधी तिनं लेखी मान्यता घेतली की या रकमेनंतर उरलेलं काहीही मागितलं जाणार नाही आणि उरलेली बाकी दुसऱ्या कोणाला विकली जाणार नाही. फाइलवर अंशतः फेडल्याची नोंद झाली, आणि मार्चमध्ये पूर्ण नोंदच निघून गेली.

काय वेगळं करता आलं असतं

बँकेकडची माहितीची मागणी एप्रिलमध्येच, करारमागणीच्या बरोबरीनं, जायला हवी होती. ३५० पौंडांची ओळ मे महिन्यात हाती आली असती तर वर्षभराचं प्रकरण उन्हाळ्यातच मिटलं असतं असं मला वाटतं. कराराची प्रत अटी सांगते, उतारा इतिहास सांगतो. आकड्याबद्दल वाद असताना दुसरा कागद जास्त कामाचा असतो.

मे महिन्यातल्या पत्रांवर तेव्हाच तक्रार करायला हवी होती, याबद्दल मी आजही ठाम आहे. तक्रारीनं कंपनी चिडत नाही. तक्रार नोंदली की तिला आठ आठवड्यांत अंतिम उत्तर द्यावं लागतं, आणि ते उत्तर देण्यासाठी कोणीतरी माणूस ती फाइल खरोखर वाचतो. तोवर सगळा कारभार छापील साच्यांचा असतो.

२०२१ मध्ये घर बदलताना बँकेला नवा पत्ता कळवला असता तर मधली तीन वर्षं अंधारात गेली नसती. बंद पडलेल्या खात्याला पत्ता कळवणं म्हणजे स्वतःहून संकट ओढवून घेणं असं वाटतं, हे मी समजू शकते. पण जुन्या पत्त्यावर गेलेल्या पत्रांमधूनच नकळत लागलेले सीसीजे जन्माला येतात, आणि तसे निकाल रद्द करून घ्यायला वेळ आणि पैसा दोन्ही जातात. अनघाच्या बाबतीत तसं झालं नाही, हा केवळ योगायोग.

तडजोड करावी की बरोबर प्रतीनंतरही लढावं, यावर मतं वेगळी असू शकतात. दंडाच्या १४४ पौंडांवर वाद घालता आला असता, पण १२ पौंडांचा दंड या बाजारात रुळलेला आहे आणि त्यातून फार काही पदरात पडलं नसतं. तिची परिस्थिती आणखी बिकट असती, इतरही कर्जं असती, तर एका खात्याच्या कागदांत न गुंतता आधी नॅशनल डेटलाइन किंवा स्टेपचेंजसारख्या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेकडे सगळा हिशेब न्यायला हवा होता. मे २०२१ पासून सल्लागारामार्फत ६० दिवसांची ब्रीदिंग स्पेस मिळू शकते, ज्यात बहुतेक कर्जांचं व्याज आणि वसुली थांबते. तिला तिची गरज पडली नाही.

तडजोडीचं मूळ पत्र, पैसे पाठवल्याची पावती आणि बँकेचा उतारा अनघानं एका फाइलला लावून ठेवले आहेत, आणि क्रेडिट फाइलवरची नोंद गेली तरी ते टाकायचे नाहीत असं आम्ही ठरवलं आहे. मिटलेली खातीही कधीकधी चुकून पुढच्या गठ्ठ्यात विकली जातात. तसं पत्र आलंच, तर त्याच दिवशी या तीन कागदांच्या प्रती जोडून तक्रार जाईल. त्या पत्राचा मजकूरही आत्ताच लिहून ठेवला आहे.